काकूंच्या गाडीचा उजेड

काकू माणसांवर कधी चिडत नसत. त्यांचा राग सुट्या भागांवर असे.

काचीगुड्याला स्टेशनच्या मागच्या गल्लीत, त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर मी भाड्यानं राहायला गेलो, त्याच महिन्यात हे माझ्या लक्षात आलं. पेपरवाला रोज उशिरा यायचा. पुण्यात माझ्या आईनं त्याला चार शब्द सुनावले असते आणि पेपरवालाच बदलला असता. काकूंनी त्याला फाटकाशी थांबवलं, त्याच्या सायकलची चेन बोटानं दाबून पाहिली आणि म्हणाल्या, "ही ढिली झालीय. तुझी काय चूक नाही." दुसऱ्या दिवशी त्यांनी नवी चेन आणून बसवून दिली. पेपर उशिराच येत राहिला. मग काकूंनी पेडल बदलून दिलं. मग मागचं टायर. त्याची सायकल जवळजवळ नवी झाली, पण पेपर काही वेळेवर आला नाही. "सीटमुळं असेल," एवढंच काकू म्हणाल्या.

नारायणगुड्याच्या एका मुलींच्या शाळेत त्या शिवण शिकवायच्या. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी बोलणं वर्गातलंच राहिलं होतं. "धागा तुटला की पोरीला रागवायचं नाही. आधी सुई बघायची. सुई वाकडी असती, नाहीतर बॉबिन नीट भरलेली नसती. पोरगी कधी वाकडी नसती." हे त्या इतक्या खात्रीनं म्हणत, की त्या शाळेत एकही वाकडी मुलगी कधी आली नसावी असं मलाही वाटायला लागलं होतं.

त्यांचं मराठी ऐकून सुरुवातीला मी गोंधळून जायचो. मूळ घराणं बीदरकडचं, निजामाच्या काळापासून शहरात. "जरा सबूर कर", "फिकीर नक्को", "कायकू परेशान होतोस", ही त्यांची रोजची भाषा. त्या मला नावानं हाक मारत नसत. मी 'पुणेकर'. "ए पुणेकर, खाली ये, एक माणूस पायजे," अशी हाक आली की काहीतरी उचलायचं, धरायचं किंवा दाबून ठेवायचं असणार हे ठरलेलं.

अंगणात सीताफळाच्या झाडाखाली त्यांची जुनी पांढरी गाडी उभी असे. ती काकांची. काका रेल्वेच्या हिशेब खात्यात कारकून होते. गाडी त्यांनी हौसेनं, कुणीतरी वापरून सोडलेली घेतली होती. मी राहायला जायच्या आधीच ते गेले. त्या वेळी काकूंना गाडी चालवता येत नव्हती आणि जो तो सांगत होता, विकून टाका. काकूंनी मोटार शिकवणाऱ्याकडे नाव घातलं. पहिल्या दिवशी त्या माणसानं साडी खोचून आलेल्या, साठीला टेकलेल्या या बाईकडे बघून विचारलं म्हणे, "अम्मा, घर में कोई मर्द नई क्या?"

"था," काकू म्हणाल्या. "गाडी उसीकीच है. क्लच कौनसा?"

मी त्यांना पाहिलं तोवर त्या गाडी चांगली चालवत होत्या. हळू नाही, जोरात नाही. सुलतान बाजारात बस अंगावर आली तरी स्टिअरिंगवरचे हात शिवणयंत्रावर ठेवल्यासारखे सरळ. दर गुरुवारी त्या थोरल्या बहिणीकडे जायच्या. बहीण, म्हणजे अक्का, बीदरच्या वाटेवरच्या एका गावात राहायच्या. शहरातून झहीराबादपर्यंत मोठा महामार्ग, तिथून वळलं की अरुंद रस्ता, दोन्ही बाजूंना ऊस आणि आल्याचे मळे. अक्कांना गुडघ्यांमुळे घराबाहेर पडणं होत नसे, म्हणून काकूच जात. माझी साप्ताहिक सुट्टी गुरुवारी-शुक्रवारी असे. एकदा "एक माणूस पायजे" म्हणून मी गाडीत बसलो आणि मग दर गुरुवारी बसत राहिलो. मला गाडी येत नव्हती, अजूनही येत नाही. पाण्याची बाटली धरणं आणि डावीकडून कोण येतंय ते सांगणं, एवढंच माझं काम.

अक्कांच्या घरी सगळं भरपूर होतं. जेवण, झोपाळा, तीन खोल्या रिकाम्या. दुपारी जेवण व्हायचं, मग गप्पा, मग पाच वाजले की अक्का पुन्हा चूल पेटवायच्या, कारण काकूंना उपाशी पाठवणं त्यांना जमत नसे. पोटात जागा नसताना आम्ही ज्वारीच्या गरम भाकरी खायचो. आणि दर गुरुवारी अक्का तेच म्हणायच्या, "ऱ्हा की गं आजची रात. सकाळच्याला जा की."

आणि दर गुरुवारी काकू चपला शोधायला लागायच्या.

"काकू, राहायला काय हरकत आहे?" मी एकदा परतताना विचारलं.

"मला परक्या घरी झोप लागत नाही."

हे खोटं होतं. काकूंना मी लग्नाच्या हॉलमध्ये, बँडच्या शेजारी, खुर्चीवर बसून घोरताना पाहिलं होतं. पण त्यांचा आवाज असा होता की पुढं विचारावंसं वाटेना.

थंडीचे दिवस सुरू झाले, लवकर अंधार पडायला लागला आणि रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या आल्या. ट्रॅक्टरच्या मागं दोन-दोन ट्रॉल्या, वर डोंगराएवढा ऊस, आणि मागं एक दिवा नाही. एका गुरुवारी आम्ही अक्कांकडून निघून फार लांब गेलो नव्हतो. आकाशात अजून थोडी लाली होती, रस्ता मात्र काळा पडला होता. अचानक काकूंनी ब्रेकवर पाय दाबला. माझं डोकं पुढं गेलं. गाडी थांबली तेव्हा उसाची पाचट आमच्या बॉनेटवर घासत होती. ट्रॉली आमच्यासमोर होती, आणि तिथं पोचेपर्यंत ती आम्हा दोघांनाही दिसली नव्हती. ट्रॅक्टरवाल्याला मागं काय झालं याचा पत्ताच नव्हता. तो गाणी लावून निघून गेला.

काकूंनी उतरून पुढच्या दिव्यांच्या काचा पदरानं पुसल्या. मग म्हणाल्या, "दिवे बदलायला पायजेत."

मी त्यांना डोळे तपासायला लावले. त्या गेल्याही, कारण डोळे हाही एक भागच. डॉक्टरांनी नवा चष्मा दिला आणि सांगितलं की मोतीबिंदूची सुरुवात आहे, इतक्यात काही करायला नको, पण अंधारात गाडी चालवणं टाळा. "आता ते डोळ्यांचे डॉक्टर," काकू म्हणाल्या, "त्यांना बल्बमधलं काय समजतं?" मी म्हटलं, मग दुपारी लवकर निघत जाऊ. "ती बाई दाराशी वाट बघत उभी असती, अन् मी जेवून हात वाळायच्या आत उठू?" मुक्काम करा असं मी म्हटलं नाही. तो विषय बंद होता. राहिले दिवे.

पुतलीबावलीला गाड्यांच्या सामानाची दुकानं आहेत. तिथल्या एका लहानशा दुकानात आम्ही गेलो. दुकानदार तरुण होता, गळ्यात साखळी, बोलायला गोड. त्यानं काउंटरवर डबा उघडला. आत दोन लांबट काचेचे बल्ब, दोन धातूच्या चपट्या डब्या आणि वायरींचा गुंता. "झेनॉन है अम्मा. तुम्हारे पुराने बल्ब में तार जलता. इसमें तार नई, गॅस है. दिन के सरीका उजाला गिरता."

त्यानं आधी निळसर उजेडाचे बल्ब दाखवले. काकूंनी ते हातात घेतले नाहीत. "हे लग्नाच्या मांडवाला," त्या मला म्हणाल्या, आणि त्याला म्हणाल्या, "सफेद दिखाओ."

मी फोनवर थोडं वाचलं होतं. गाडीच्या दिव्यात बल्बच्या मागं जो चकाकता वाडगा असतो, तो जुन्या तारेच्या बल्बसाठी घडवलेला असतो. त्यात झेनॉन घातला तर उजेड जिथं पडायला हवा तिथं न पडता चौफेर फाकतो, असं लिहिलेलं होतं. मी ते दुकानदाराला म्हटलं. तो हसला. "भाई, फोकस नीचे कर देते ना. आधा शहर लगाके घूम रहा." काकूंनी मला हातानं गप्प केलं. त्यांचा निर्णय घरून निघतानाच झालेला होता.

बल्ब दुकानातच बसवून घेतले. काढलेले जुने बल्ब काकूंनी रुमालात गुंडाळून घरी आणले आणि शिवणाच्या डब्यात ठेवले. फोकस मात्र त्यांनी स्वतः लावायचं ठरवलं. त्या संध्याकाळी गाडी गल्लीत काढून घराच्या कंपाउंडच्या भिंतीसमोर उभी करून त्यांनी टेपनं दिव्यांची उंची मोजली, शिंपी वापरतात त्या चपट्या खडूनं भिंतीवर आडवी रेघ मारली आणि मला स्क्रू फिरवायला बसवलं. दिवे लागले. आधी जांभळट लुकलुकले, मग हळूहळू भरत गेले आणि पांढरे झाले. गल्लीतली कुत्री उठून उभी राहिली. समोरच्या घरातून कुणीतरी बाल्कनीत आलं.

"रेघेच्या खाली आण," काकू म्हणाल्या. मी आणला. "अजून." आणला. पण उजेड रेघेला जुमानत नव्हता. कापडावर पाणी सांडल्यासारखा तो वरही पसरत होता, भिंतीच्या पलीकडच्या सीताफळाच्या शेंड्यापर्यंत.

काकू भिंतीजवळ गेल्या, बोट लावून पाहिलं. "याला किनार नाही," त्या म्हणाल्या. क्षणभर त्यांच्या कपाळावर आठी आली. मग त्यांनी खडू पदराला पुसला. "असू दे. नवा आहे. बसेल."

पुढचे काही गुरुवार म्हणजे काकूंची मिरवणूक होती. परतीच्या रस्त्यावर त्या दिवे लावत आणि रस्ता, रस्त्याच्या कडा, शेतातली बुजगावणी, सगळं एकदम समोर उभं राही. उसाची ट्रॉली आता लांबूनच दिसायची. "बघ, झाडावरचं घरटं दिसतंय!" काकू आनंदानं म्हणायच्या. घरटं बघायला आम्ही तिथून जात नव्हतो, पण त्यांचा आनंद खरा होता. समोरून येणारे आपले दिवे उघडझाप करायचे, एकानं खिडकीतून हात काढून शिवीही दिली. "जळतात," काकू म्हणाल्या.

अशाच एका गुरुवारी काकू अंगणात गाडीच्या दिव्यांच्या काचा पुसत होत्या आणि मी आत अक्कांजवळ बसलो होतो. अक्का भाकरी थापता थापता खिडकीतून बहिणीकडे बघत होत्या.

"तुला तिनं सांगितलं नसंल," त्या म्हणाल्या. "ती इथं का झोपत नाही."

मी नाही अशी मान हलवली.

"तिच्या मालकांनी गाडी घेतली ना, तवा ते पहिल्यांदा दाखवायला हिकडंच आले. नव्या कपड्यात. गाडीला हार घातलेला. त्या दिवशी आमच्याकडं पूजा होती, पाव्हणे भरलेले. आमचे मालक सगळ्यांच्या पुढं म्हणाले, ही रात्री अंगणात ठिवू नका, सकाळी भंगारवाला उचलून नेईल." अक्कांनी तव्यावरची भाकरी उलटली. "सगळे हसले. तिचे मालक बी हसले. अन् हसत हसतच हार काढला, गाडीत बसले अन् दिवस बुडता बुडता निघून गेले. मी मागं पळाले. तिनं काच खाली केली अन् म्हणाली, अक्का, जिथं ह्यांच्या गाडीला जागा नाही तिथं मी रात्र काढणार नाही. आता माझे मालक बी गेले, तिचे बी गेले. गाडी ऱ्हायली अन् शब्द ऱ्हायला."

बाहेरून काकूंची हाक आली, "पुणेकर, चल. उजेड आहे तोवर निघू." मी उठलो. अक्कांनी दारापर्यंत येऊन नेहमीचं वाक्य म्हटलं. काकूंनी चपला शोधल्या.

त्याच संध्याकाळी ते झालं.

महामार्ग लागायला थोडं अंतर राहिलं होतं. रस्ता सरळ होता, समोरून एक मोपेड येत होती. त्यावर एक माणूस, मागं गवताचा भारा. काकू आपल्या बाजूनं, बेतानं चालवत होत्या. मोपेडवाल्यानं एक हात डोळ्यांसमोर धरला. मोपेड डगमगली, रस्त्याच्या कडेला गेली आणि दिसेनाशी झाली.

काकूंनी गाडी थांबवली, वळवली, आणि त्याच दिव्यांच्या उजेडात आम्ही त्याला शोधलं. तो चरात पडला होता. भाऱ्यामुळे डोकं वाचलं होतं, पण एक खांदा धरून तो कण्हत होता. मी त्याला उठवून बसवलं. काकू त्याच्याकडे आल्या नाहीत. त्या आडव्या पडलेल्या मोपेडशी वाकल्या होत्या. मला वाटलं, धक्क्यानं त्यांना सुचेनासं झालंय. मग कळलं. त्या ब्रेक दाबून बघत होत्या. पुढचा दाबला, मागचा दाबला. चाक फिरवून पाहिलं. टायरवर अंगठा दाबला. हँडल हलवून पाहिलं.

"ब्रेक चांगले आहेत," त्या म्हणाल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "टायर नवं आहे."

त्यांचा असा आवाज मी आधी ऐकला नव्हता.

आम्ही त्याला गाडीत घालून झहीराबादच्या एका दवाखान्यात नेलं. गळपट्टीचं हाड मोडलं होतं. डॉक्टर त्याचा हात बांधत असताना काकू त्याच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या.

"क्या हुआ था? बराबर बताओ."

तो मध्यमवयीन, शांत माणूस होता. रागावलाही नव्हता. "अम्मा, मेरेकू कुछ नजरच नई आया. पूरा सफेद हो गया. रोड कहाँ है, मैं कहाँ हूँ, कुछ नई."

काकूंनी मान हलवली. त्याच्या घरची माणसं येईपर्यंत त्या बाकावर बसून राहिल्या, औषधं आणून दिली, त्याचं गाव आणि घर विचारून घेतलं. परतताना महामार्गावर जायच्या-यायच्या बाजू वेगळ्या, समोरून कुणी येण्याचा प्रश्न नव्हता. तरी काकूंनी एका बसच्या मागं गाडी लावली आणि शहर येईपर्यंत ती सोडली नाही.

पाटणचेरू मागं पडल्यावर त्या बोलल्या. "अक्कानं तुला सांगितलं ना?"

"हो."

"ती हसण्याची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. पुढचं कुणालाच ठाऊक नाही." त्यांची नजर बसवर होती. "त्या दिवशी हे पूर्ण रस्ताभर एक शब्द बोलले नाहीत. मी शेजारी बसलेली. मला वाटत होतं, रडतील, नाहीतर शिव्या देतील. घर आलं, गाडी बंद केली अन् म्हणाले, दिव्यांचा उजेड जरा कमी आहे हिच्या. बस, एवढंच. त्यानंतर गाडीबद्दल कधी काही बोलले नाहीत."

 बसच्या मागच्या लाल दिव्यांकडे बघत आम्ही काचीगुड्याला आलो.

तो आठवडाभर काकूंनी गाडीला हात लावला नाही. मला वाटलं, आता त्या झेनॉन काढून टाकतील. त्यांनी काढले नाहीत. मी विचारलं, तर म्हणाल्या, "कुणी सांगितलं म्हणून मी सुई बदलत नाही. मला बघायला पायजे."

पुढच्या गुरुवारी आम्ही सकाळीच निघालो. आधी त्या मोपेडवाल्याच्या घरी गेलो. काकूंनी त्याच्या बायकोला घरात मदतीला एक बाई लावून दिली, त्याचा खांदा बरा होईस्तोवर. बायको नको नको म्हणत होती. काकूंनी ऐकलं नाही. मग अक्कांकडे. जेवण झालं, गप्पा झाल्या. अक्कांनी भाकरी वाढल्या. सूर्य उसामागं गेला तशा काकू उठल्या, पण शहराकडे न वळता त्यांनी गाडी गावाबाहेरच्या एका सरळ शेतरस्त्यावर नेली आणि थांबवली.

"तू इथं बस," त्या मला म्हणाल्या. "मी त्या बाभळीपाशी गेले की दिवे लाव. मी चालत येते. मी सांगेपर्यंत बंद करायचे नाहीत."

अंधार बऱ्यापैकी झाला होता. त्या बाभळीपाशी पोचल्या, हात वर केला. मी बटण दाबलं. दिवे जांभळट लुकलुकले आणि भरत गेले.

काकू चालायला लागल्या. सुरुवातीला नेहमीसारख्या, हात हलवत, सरळ. मग त्यांचा वेग कमी झाला. मग त्यांनी मान खाली घातली. थोड्या पावलांनी त्यांचे दोन्ही हात पुढं आले, चाचपडणाऱ्या माणसाचे येतात तसे. त्या डावीकडे सरकत होत्या आणि त्यांना ते कळत नव्हतं. रस्त्याची कड संपली, त्यांचा पाय घसरला आणि त्या गुडघ्यावर पडल्या.

मी घाईनं दिवे बंद केले.

"मी सांगितलं का?" अंधारातून आवाज आला. "लाव!"

मी लावले. त्या उठल्या. साडीला माती लागली होती. त्या पुन्हा बाभळीपर्यंत मागं गेल्या आणि पुन्हा चालत आल्या, तोंड वर करून, डोळे उघडे ठेवून, उजेडाकडे बघत. दोनदा थांबल्या. दोन्ही वेळा मला वाटलं की आता हात करतील. केला नाही. शेवटी त्यांचे हात बॉनेटला लागले आणि दोन्ही पंजे त्यावर ठेवून त्या उभ्या राहिल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, चष्म्याखालून, गालावरून.

"बंद कर," त्या म्हणाल्या.

मी बंद केले. मी बाजूच्या सीटवर सरकलो आणि त्या येऊन स्टिअरिंगमागं बसल्या. पदरानं डोळे पुसले.

"घरटं दिसत होतं मला," त्या म्हणाल्या. "आणि त्याला रस्ता दिसत नव्हता."

थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "जुने बल्ब कुठं आहेत?"

"घरी. शिवणाच्या डब्यात."

"हं."

मी म्हटलं, महामार्गापर्यंत नुसत्या लहान पार्किंगच्या दिव्यांवर हळूहळू जाऊ. "आणि उसाची ट्रॉली आली तर?" त्या म्हणाल्या. बरोबर होतं. ते दिवे लावले तर समोरचा आंधळा, आणि नाही लावले तर आपण. दिवे बदलून काकूंनी जो प्रश्न सोडवला असं इतके दिवस वाटत होतं, तो तिथंच, त्या शेतरस्त्यावर, आमच्या पुढ्यात येऊन बसला होता.

 अक्कांचं घर मागं, हाकेच्या अंतरावर होतं. तिथं स्वयंपाकघरात दिवा लागला होता. काकू आरशात त्या दिव्याकडे बघत होत्या. त्यांचा हात किल्लीवर गेला, परत मांडीवर आला, पुन्हा गेला.

"आज हे दिवे लावून मी त्या रस्त्यावर जाणार नाही," त्या म्हणाल्या. मला नाही, काचेला. "नाही म्हणजे नाही."

त्यांनी गाडी सुरू केली, पार्किंगच्या मिणमिणत्या दिव्यांवर वळवली आणि अक्कांच्या फाटकासमोर आणून उभी केली. आवाज ऐकून अक्का भिंतीला धरत धरत दारात आल्या.

"काय गं? काय विसरलीस?"

काकूंनी काच खाली केली.  मग विचारलं, "अक्का, गाडी कुठं लावू?"

अक्कांनी दाराची चौकट घट्ट धरली. कुणाला काही सांगायची गरज पडली नाही. "अंगणात," त्या म्हणाल्या. "मधोमध लाव."

त्या रात्री अक्कांनी तिसऱ्यांदा चूल पेटवली. कुणालाही भूक नव्हती तरी पिठलं झालं, ते आम्ही खाल्लं. मला पडवीत खाट मिळाली. आतल्या खोलीत दोघी बहिणींचं बोलणं चाललं होतं. शब्द कळत नव्हते, मधूनच हसण्याचा आवाज यायचा. एकदा अक्का मोठ्यानं म्हणाल्या, "अगं, हार झेंडूचा होता!" आणि काकू म्हणाल्या, "नाही, शेवंतीचा." यावर बराच वेळ वाद झाला.

सकाळी मी उठलो तेव्हा काकू अंगणात गाडीभोवती फिरत होत्या. दवानं गाडी ओली झाली होती. अक्का पायरीवर बसून चहा फुंकत होत्या. घरासमोरून उसाच्या ट्रॉल्या कारखान्याकडे निघाल्या होत्या. काकूंनी फाटकात जाऊन हात आडवा केला. पहिला ट्रॅक्टर थांबला. काकू मागं जाऊन ट्रॉलीचं फळकूट बघून आल्या आणि त्याला विचारलं की मागं लाल चकाकती पट्टी का लावत नाहीस. त्यानं काहीतरी उत्तर दिलं. काकूंनी दुसरा थांबवला. पुढच्या आठवड्यात त्या बेगम बाजारातून पट्टीची रिळं घेऊन आल्या आणि तेव्हापासून शुक्रवारची सकाळ ट्रॉल्यांची झाली. काही ट्रॅक्टरवाले कुरकुर करायचे. काकू त्यांना रागवत नसत. कात्रीनं पट्टी कापून चिकटवत आणि अंगठ्यानं दाबून बसवत. त्या गावच्या ट्रॉल्या त्या हंगामात लांबूनच ओळखू यायच्या.

झेनॉनचे बल्ब आम्ही त्याच शुक्रवारी दुपारी घरी पोचल्यावर काढले आणि जुने परत बसवले. दुकानदार ते परत घ्यायला तयार होता. "दूसरे किसीको लगा देंगे अम्मा."

"हौ, और वो दूसरा किसीको गड्ढे में डालेगा," काकू म्हणाल्या आणि डबा उचलून घेऊन आल्या. तो त्यांनी कुणालाच दिला नाही.

अक्कांकडे पहिल्यांदा मुक्काम करून निघताना, त्या सकाळी, मी गाडीत बसलो होतो आणि काकू दाराशी उभ्या होत्या. अक्कांनी विचारलं, "आता बिस्तारवारी?" तिकडं गुरुवारला बिस्तारवार म्हणतात.

"हौ. पण तुझी उशी बदल. नुसता दगड आहे. मान आखडली माझी."

"ती आईच्या हातची आहे. मी न्हाई बदलायची."

"मग मी माझी आणते."

"आण की. मी न्हाई म्हणलं का?"

मी हे बोलणं तिथंच विसरलो. पण पुढच्या गुरुवारी पाण्याची बाटली ठेवायला मी मागचं दार उघडलं, तर सीटवर धुतलेल्या अभ्र्यातली एक उशी होती. अभ्र्याच्या चारी बाजूंनी नवी किनार शिवलेली होती, आणि उशी घरंगळू नये म्हणून काकूंनी तिला सीटच्या पट्ट्यानं बांधून ठेवलं होतं.